तेल वगळून

माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत.
एक, तेल धरून.
दुसरा, तेल वगळून.

पहिल्यात यंदाची वाढ मांडली
तेव्हा वाटलं, दशांशचिन्ह घसरलं.
पुन्हा बेरीज केली. रामलगनबाईंनीही केली,
पेन्सिलीनं, मेणबत्तीशी,
कारण तेवढ्यात जॉर्जटाउनची वीज गेली होती.
आकडा तोच आला.
अंधारात आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो
आणि घाम पुसला.

तेल मी पाहिलेलं नाही.
रविवारी अख्खं शहर समुद्राच्या भिंतीवर बसतं:
पतंग, बर्फाचे गोळे, कुणाचा तरी फाटक्या आवाजाचा स्पीकर,
समोर गढूळ, चहासारखं पाणी.
जहाजं त्याच्याही पार पलीकडे.
तिथेच उपसतात, तिथेच भरतात, तिथूनच नेतात.
पैसे न्यूयॉर्कच्या बँकेत उतरतात.
माझ्या टेबलावर येतो एक कागद, दर तिमाहीला.
मी एकदा त्याचा वास घेऊन पाहिला.
कागदाचाच होता.

दुसऱ्या रकान्याला मात्र वास आहे.
त्यात स्टॅब्रोक बाजारातली चिखलासकट मासळी,
बोराच्या शेंगांची जुडी, गेल्या वर्षीच्या दुप्पट भावाची,
भातगिरणीचा कोंडा,
आणि बंद पडलेल्या साखर कारखान्याची चिमणी,
जिच्यावर आता गिधाडं बसतात.
माझे काका एव्हर्टन तिथे बावीस वर्षं ऊस तोडत.
आता तेलवाल्यांच्या हॉटेलाच्या फाटकावर
शिट्टी घेऊन उभे असतात.
यांना कुठे धरू? मी विचारलं.
सेवा क्षेत्र, रामलगनबाई म्हणाल्या. वगळून.
मग थांबल्या.
तेल नसतं तर हॉटेल तरी कुठलं, म्हणाल्या,
आणि खोडरबर शोधत बसल्या.

माझा भाऊ लेनॉक्स जहाजावर वेल्डर आहे.
अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस घरी,
घरी आला की पहिले दोन दिवस
जमीन हलते म्हणून भिंत धरून चालतो.
आईचं डायलिसिस त्याच्या पगारातून होतं.
मी हिशेब केला होता, न राहवून:
आईचा एक मंगळवार म्हणजे अडीच पिंपं.
शुक्रवारचीही तेवढीच.
आईला सांगितलं नाही.
ती खिडकीशी बसून रक्त फिरून येण्याची वाट पाहते
आणि नर्सला केळ्यांचे भाव विचारते.

वडील कोकरवर असतात.
कोकर म्हणजे कालव्याच्या तोंडाशी बसवलेलं जाड लाकडी दार.
आमचं शहर समुद्राहून खाली आहे, त्यामुळे
ओहोटीला दार उचलायचं, गावातलं पाणी बाहेर सोडायचं,
भरती यायच्या आत पाडायचं.
एकोणतीस वर्षं हेच.
पूर्वी सहा तास मिळायचे, म्हणतात.
आता पाच. एखाद्या रात्री साडेचार.
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा समुद्र
दाराशीच रेंगाळतो.

हे आपल्या तेलामुळे का हो?
ते साखळीला ग्रीस लावत होते.
आपलं तेल कालचं, म्हणाले. हे पाणी जुनं आहे.
दुसऱ्यांनी जाळलं त्याचं.
मग बोटं चिंधीला पुसत, बऱ्याच वेळानं:
आपलं यायचंय अजून.
यंदा त्यांचा पगार वाढला.
तो कुठून आला, ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

आज मंत्र्यांनी रेडिओवर पहिला रकाना वाचला.
चहाच्या टपरीवर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
आकडा खरा आहे, मी तपासलाय.
दुसरा त्यांनी वाचला नाही. वेळ संपली असेल.

रात्री डबा द्यायला गेले तेव्हा
वडील टॉर्चच्या उजेडात वही भरत होते.
त्यातही दोनच रकाने:
उचललं. पाडलं.
मी पानं मागे मागे उलटत गेले,
एकोणतीस वर्षांपर्यंत,
आणि सवयीनं
वजाबाकी करू लागले.